क्लॅरेन्ससमोरचं मचाण

पायाखालचा पाटा निसटला तेव्हा मी जी शिवी हासडली, ती आमच्या पाद्रीबाईंनी ऐकली असती तर मला चर्चच्या तळघरात पुन्हा पाऊल ठेवू दिलं नसतं. पण ऐकायला होतं कोण? जमिनीपासून सोळा फुटांवर मी, आणि समोर बावीस पावलांवर क्लॅरेन्स. क्लॅरेन्स फोमचा आहे.

झालं ते असं. शिकारीसाठी झाडावर चढवायच्या मचाणाचे दोन तुकडे असतात. वर बसायची बैठक, खाली पाय टेकायचा पाटा, आणि दोघांनाही झाडाभोवती तारेचा वेढा. बैठकीवर बसून पायांनी पाटा वर ओढायचा, मग पाट्यावर उभं राहून बैठक वर सरकवायची, असं सुरवंटासारखं चढायचं आणि तसंच उतरायचं. मी वर पोचले, कमरेचा सुरक्षेचा पट्टा झाडाला अडकवला, दोरीनं धनुष्य वर ओढून घेतलं, खुंटीला टांगलं, आणि गुडघा मोकळा करायला दोन्ही पाय जरा उचलले. वजन गेल्याबरोबर पाटा कलला आणि खरखरत थेट बुंध्याशी झुडपात जाऊन पडला. राहिली ती झाडाला टांगलेली नुसती खुर्ची. पॉपलरचं झाड सरळसोट, धरायला एक फांदी नाही. माझं वय चौसष्ट, उजवा गुडघा बदललेला. मिठी मारून घसरत उतरायचे दिवस संपलेत.

हे होऊ नये म्हणून दोन्ही तुकडे एकमेकांना दोरीनं बांधून ठेवायचे असतात. इथं शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. चाळीस वर्षं डेलमार, म्हणजे माझा नवरा, मला हेच सांगत आला आणि चाळीस वर्षं मी ‘हो रे बाबा’ म्हणत आले. त्यासाठीची वेगळी दोरी होती माझ्याकडे. पण मार्चमध्ये डेलमारला पक्षाघात झाला, तेव्हापासून ती त्याच्या पलंगाला बांधलेली आहे, झोपेत तो डाव्या बाजूनं घसरू नये म्हणून.

खिशात फोन होता. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बिचारी अडकली, करणार काय. फोन होता, चार्ज होता, आणि झाडावर रेंज घरापेक्षा चांगली येते. एक फोन केला असता तर वीस मिनिटांत गावची अग्निशमन दलाची मंडळी शिडी घेऊन आली असती. पण आमच्या भागात तो मदतीचा फोन टॅमी उचलते. टॅमी म्हणजे माझ्या लेकीची, जोलीनची नणंद. मी झाडावरून उतरायच्या आत जोलीनला कळलं असतं की तिची आई चर्चमध्ये नाही.

आणि जोलीनला मी मे महिन्यात शब्द दिला होता. डेलमार न्हाणीघरात पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. शहरात म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथं तिनं वडिलांसाठी खोली बघून ठेवली होती.

"मॉम, डॅड एकशे नव्वद पौंडांचा आहे. तू किती वेळा उचलणार आहेस त्याला?"

"पडेल तितक्या वेळा."

"असलं बोलू नकोस. आरशात बघितलंस स्वतःला?"

"तू आलीस म्हणून नाही बघितलं. एरवी दिवसभर आरशासमोरच असते."

ती हसली नाही. "आणखी एकदा पडला की सही करायची. शब्द दे मला."

दिला. त्या दिवशी माझी पाठ इतकी भरून आली होती की तिनं म्हटलं असतं तर मी स्वतःच्याही कागदावर सही केली असती. कागद चमच्यांच्या खणात तळाशी आहेत. रोज चमचा काढताना दिसतात.

त्यानंतर डेलमार पडला नाही. कारण मी त्याला पडू दिलं नाही. तो उठायला लागला की मी काखेत हात घालते, संडासाच्या दाराबाहेर उभी राहते, पायऱ्यांवरून त्याच्या पुढे उलटी चालत उतरते. गवत कापायच्या गाडीवर बसायचा त्याला फार सोस होता, तर तिची किल्ली मी कॉफीच्या डब्यात लपवून ठेवली. तोंड मात्र त्याचं आहे तसंच आहे. डावा हात गेला, डावा पाय अर्धा गेला, जीभ जशीच्या तशी. "आर्डिस," तो म्हणायचा, "तुरुंगातल्या माणसाला निदान अंगणात फिरायला सोडतात."

गुरुवार माझा. गुरुवारी त्याला सकाळची औषधं द्यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं, काठी हाताशी ठेवायची आणि सांगायचं, चर्चमध्ये लेफ्से लाटायला जाते. लेफ्से म्हणजे आमच्याकडच्या बटाट्याच्या पोळ्या. ऑक्टोबरच्या जत्रेसाठी चर्चमधल्या बायका त्या हजारांनी लाटून गोठवून ठेवतात, त्यामुळे या सबबीला अंत नाही. पिकअप मी जुन्या खडीच्या खाणीपाशी लावते आणि मागच्या बाजूनं चालत आमच्याच रानात येते. घरापासून मक्याच्या शेतापलीकडे, दहा मिनिटांवर. सहा गुरुवार झाले होते. शनिवारी धनुष्यानं हरणं मारायचा हंगाम उघडणार होता.

आता क्लॅरेन्सबद्दल. क्लॅरेन्स म्हणजे नेमाच्या सरावासाठी उभा केलेला, आठ टोकांच्या शिंगांचा हरणाचा नर. लांबून बघितलंत तर शपथेवर सांगाल की खरा आहे. किंचित वळवलेली मान, काचेचे डोळे, ओलं वाटणारं नाक. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा डेलमारनं तो मला भेट म्हणून आणला, आणि मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. नाव डेलमारच्या काकांवरून. क्लॅरेन्स काका सणाच्या जेवणाला येऊन असेच मान वळवून बसायचे आणि परत जाईपर्यंत अवाक्षर काढायचे नाहीत. या हरणाच्या छातीचा तुकडा वेगळा निघतो; बाण खाऊन भुसभुशीत झाला की नवा बसवायचा. आम्ही दोघांनी असे पाच तुकडे संपवलेत. जिवंत जनावराला वाकडा बाण मारून रानात तडफडत ठेवण्यापेक्षा फोमवर हजार बाण वाया गेलेले बरे, असं डेलमारचं म्हणणं, आणि तेवढ्या एका बाबतीत आमचं कधी भांडण झालं नाही. हल्ली मात्र क्लॅरेन्सच्या पायांना आणि पोटाला नवी भोकं दिसत होती. शेजारच्या वेंडेलचं काम, असं मी धरून चालले होते. वेंडेलचा नेम तसाच आहे.

तर मी अडकले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. आणि खरं सांगायचं तर पहिला तासभर मी खूश होते.

सांगायला लाज वाटते, पण खूश होते. कुणी हाक मारणार नव्हतं. मारली तरी मी जाऊ शकत नव्हते, आणि त्यात माझा काही दोष नव्हता. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी कान टवकारून बसले नव्हते. वारा होता, पॉपलरची पानं वाजत होती, एक मादी येऊन क्लॅरेन्सचं बूड हुंगून, काही राम नाही असं ठरवून निघून गेली. मला एकटीला हसू आलं. मनात आलं, राहावं असंच. कुणीतरी येईल, तोवर तिकडे काय व्हायचं ते होईल.

‘काय व्हायचं ते होईल’ हे मनात आलं आणि मग मात्र मी घड्याळ बघितलं. दुपारी बाराची रक्त पातळ करायची गोळी. गोळी मी देते, कारण झाकण त्याला एका हातानं उघडत नाही. मी आले नाही तर तो उठणार. झाकण दातांनी उघडायला बघणार. हल्ली तसाही त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांना दोनदा फोन करून मी गोळीचं प्रमाण विचारलं होतं. तो उठणार, गालिच्यात काठी अडकणार, पडणार. आणि पडला की झालं.

दहा वाजले. साडेदहा. लोंबकळून पाय बधिर झाले, मांड्यांखाली बैठकीची कड रुतायला लागली. धनुष्य वर ओढायची दोरी खाली सोडून पाटा गळ टाकल्यासारखा ओढता येतो का बघितलं. तिच्या टोकाला बांधायला दगडसुद्धा नव्हता. बाण बांधून पाहिला, तो झुडपात अडकून बसला तो निघेना, तुटला तेव्हा सुटला. दोनदा फोन काढला, दोनदा आत ठेवला. मी स्वतःला इतक्या हुशारीनं कोंडून घेतलं होतं की मला माझाच राग आला. डेलमारला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जा बाई. मग खोटं का बोलले? कारण सांगून गेले असते तर ते माझं राहिलं नसतं.

साडेअकराच्या सुमाराला मक्याकडून आवाज आला. इंजिनाचा. वेंडेल असेल तर बरं, असं म्हणत होते, तोच कणसांच्या आडून आमचीच हिरवी गवत कापायची गाडी बाहेर आली. वर डेलमार, रविवारची टोपी घालून.

माझ्या तोंडून हाक निघायच्या बेतात होती. पण त्याच्या मांडीवर आडवं एक धनुष्य होतं. जुनं, लाकडी, जोलीनला ती बारा वर्षांची असताना घेतलेलं.

तो थेट क्लॅरेन्ससमोर पंधरा पावलांवर येऊन थांबला. गाडीला पाठ टेकवून उभा राहिला, डावा पाय खाली नीट ठेवला, एखादं सामान ठेवावं तसा. बाण लावला. आणि मग त्यानं तोंड उघडलं आणि प्रत्यंचेला बांधलेला कातड्याचा तुकडा दातांत धरला. धनुष्य उजव्या हातात. मान मागे, हात पुढे, आणि चांगल्या हातानं धनुष्य स्वतःपासून दूर ढकलत ढकलत त्यानं ते ताणलं. मानेच्या शिरा मला झाडावरून दिसत होत्या. दात सोडले. बाण क्लॅरेन्सच्या पुढच्या पायात बसला.

वेंडेलची मनातल्या मनात माफी मागितली. हिरड्यांतलं रक्त. रविवारच्या कमरपट्ट्याचं चार बोटं कापलेलं टोक, ज्याबद्दल तो म्हणाला होता की बारीक झालो म्हणून कापलं. कॉफीच्या डब्यातली किल्ली. मी सहा गुरुवार त्याला फसवत होते आणि तो माझ्याकडून फसवून घेत घेत मला फसवत होता.

मी गप्प राहिले. का, ते नीट सांगता येत नाही. तो उभा होता. कुणी काखेत हात न घालता उभा होता, आणि मी आवाज दिला असता तर वर बघायला वळला असता आणि पडला असता. हे एक. दुसरं म्हणजे तो माझ्याशी बोलताना जसा दिसतो तसा दिसत नव्हता. मला बघायचं होतं.

दुसरा बाण मागे मातीत गेला. तिसरा छातीत लागला. नेमाच्या वर्तुळात नाही, पण छातीत. डेलमारनं तोंड पुसलं, थुंकला, आणि क्लॅरेन्सला म्हणाला, "बघितलंस, काका? हे तिला सांगू नकोस."

क्लॅरेन्स काही बोलला नाही.

"ती लेफ्से लाटायला गेलीय. सहा आठवडे लाटतेय. एक तुकडा घरी नाही आला, आणि हाताला पीठ नाही. तळ्यावर जाऊन गाडीत रडत बसत असेल. जाऊ दे. तिला कुठंतरी जायला हवं."

मी तोंडावर हात दाबून धरला. रडू आलं होतं आणि रागही आला होता, की याला एवढं कळत होतं तर हा माणूस एका शब्दानं बोलला का नाही.

मग तो बाण काढायला गेला. फोममधला बाण सहज निघत नाही. आम्ही बाणाला साबण चोळून ठेवतो, तरी एक हात जनावरावर दाबून दुसऱ्या हातानं ओढावा लागतो. त्याला एकच हात. काठी त्यानं क्लॅरेन्सला टेकवून ठेवली, उजव्या हातानं बाण धरला आणि सगळं अंग मागे टाकून ओढला. बाण एकदम निघाला. डेलमार उताणा पडला.

तो ओरडला नाही. पडून राहिला, हातात बाण. मग कुशीवर वळायला बघितलं, जमलं नाही. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा वळला आणि तोंड पानांत गेलं. मी सोळा फुटांवर बसून हे सगळं बघत होते आणि माझे हात आपोआप पुढे जात होते, हवेत.

"डेलमार."

तो थिजला. "कोण आहे?"

"मी."

"कुठं?"

"वर."

त्यानं मोठ्या कष्टानं मान वर केली. मला शोधायला त्याला वेळ लागला, कारण मी पानांच्या रंगाचे कपडे घातले होते. सापडल्यावर त्यानं तोंडातलं पान थुंकलं.

"लेफ्से झाल्या?" तो म्हणाला.

"लागलंय का कुठं?"

"हनुवटीला. तू खाली का येत नाहीस?"

"पाटा पडला."

"दोरी बांधली नव्हतीस?"

"दोरी तुझ्या पलंगाला आहे."

 एवढ्या वर्षांत त्याच्याशी वादात मी पहिल्यांदाच जिंकले, आणि त्याचा आनंद घ्यायचीही सोय नव्हती. तो खाली उठू शकत नव्हता, मी वरून उतरू शकत नव्हते, आणि मध्ये काचेचे डोळे लावून क्लॅरेन्स.

तेवढ्यात फोन वाजला. जोलीन रोज बाराला फोन करते. आधी घरी, मग माझ्या खिशात.

"जोलीन आहे," मी म्हटलं.

"घे."

"काय सांगू?"

"सांग की पडलोय." त्यानं गाल पानांवर टेकवला. "मी रागावणार नाही, आर्डिस. खरंच सांगतो. तू पुष्कळ केलंस."

आवाजात थट्टा नव्हती. माझा अंगठा फोनवर होता. एक वाक्य, आणि माझी सुटका. माझी चूकसुद्धा नाही, शब्दच तसा दिला होता. शिडी येईल, टॅमी येईल, जोलीन येईल, चमच्यांच्या खणातून कागद निघतील, आणि रात्री मी सलग आठ तास झोपेन. मला ते हवं होतं. किती हवं होतं, हे त्या क्षणापर्यंत मला माहीत नव्हतं.

तो ‘खबरदार’ म्हणाला असता, तर मी चिडून सांगून टाकलं असतं. माझा स्वभाव आहे तसा. पण त्यानं दार उघडून धरलं, आणि मला त्यातून जाता येईना.

"मॉम? कुठं आहेस? घरी कुणी फोन उचलत नाही."

"चर्चमध्ये."

"किती शांत आहे."

"सगळ्या लाटताहेत."

"डॅड कुठंय?"

मी खाली बघितलं. "आडवा झालाय जरा."

"बरा आहे ना? मॉम, तू माझ्यापासून काही लपवत नाहीस ना?"

"माझे हात पिठानं भरलेत, जोलीन. संध्याकाळी बोलू."

फोन ठेवला. डेलमार डोळे मिटून पडला होता. मी धनुष्य वर ओढायची दोरी सोडली. टोक बुंध्याशी लोंबायला लागलं.

"पाटा झुडपात आहे," मी म्हटलं. "त्याला बांध. मी वर ओढून घेते."

"मी इथं आहे. झाड तिथं आहे."

"मग ये की इकडे. मी काय, इथून ढकलू तुला?"

बावीस पावलं. ती पावलं मी कितीदा मोजलीत, बाण कुठल्या खुणेवर धरायचा म्हणून. त्या दिवशी ती मोजायला पस्तीस मिनिटं लागली. उजवं कोपर पुढे, उजवा गुडघा, मग डावी बाजू मागून ओढत आणायची. मध्ये दोनदा तो थांबला आणि मला वाटलं आता पुढे सरकत नाही. पहिल्या वेळी मी, "जपून, हळू," असं काहीतरी म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "आर्डिस, तोंड बंद ठेवशील तर पोचेन." मी ठेवलं. त्याला मदत न करण्याइतकं जड काम मी आजवर केलेलं नाही.

बुंध्याशी येऊन तो टेकून बसला. मला फक्त टोपी दिसत होती. दोरी खालून हलत होती, ताणली जात होती, ढिली पडत होती.

"काय करतोयस?"

"गाठ मारतोय."

"एका हातानं?"

"दात आहेत." मग जरा वेळानं, "होते."

पाट्याच्या लोखंडी कडेवर दोरीचा पीळ दातांत धरून आवळताना त्याचा वरचा एक दात तुटला. त्यानं तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि पुन्हा दोरी धरली. मी ओढली तेव्हा गाठ करकचून बसली होती. पाटा झाडाला घासत वर आला, मी बधिर पाय त्यात अडकवले, आणि एकेक वीत खाली उतरले. जमिनीला पाय लागल्यावर मीही त्याच्याशेजारी बसले, कारण उभं राहता येईना.

त्याला उठवायला क्लॅरेन्स कामाला आला. पायांतून लोखंडी सळया जमिनीत ठोकलेल्या आहेत, त्यामुळे तो हलत नाही. डेलमारला मी फरफटत तिथवर नेलं, त्यानं क्लॅरेन्सच्या पाठीवर हात टाकला, मी काखेत खांदा दिला. एकदा शिंगाला धरायला गेला तर शिंग उपटून हातात आलं. "काका, माफ करा," तो म्हणाला, आणि उभा राहिला.

परत येताना तो गाडी चालवत होता आणि मी शेजारून चालत होते.

"किती वेळ होतीस वर?"

"थोडा वेळ."

"मी आलो तेव्हा होतीस."

"होते."

"हाक नाही मारलीस."

"तूही पडल्यावर ओरडला नाहीस."

"कुणाला ओरडू? तू लेफ्से लाटत होतीस." मक्याच्या कडेला त्यानं गाडी थांबवली. माझ्याकडे न बघता विचारलं, "फोन आला तेव्हा सांगणार होतीस ना?"

"हो."

"घाबरून?"

"नाही," मी म्हटलं. "घाबरून नाही."

त्यानं मान हलवली. "मीही सांगितलं असतं," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

संध्याकाळी जोलीन आली. हनुवटी बघितली, दात बघितला.

"काय झालं?"

"दाढी करताना," डेलमार म्हणाला.

"दाढी करताना दात तुटला?"

"म्हातारा झालोय. कुठं काय करतो ते कळत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तिला कळलं होतं. "मॉम, तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता," मी म्हटलं. "जेवून जा."

ती जेवली नाही. जाताना तिनं खण उघडला, कागद आहेत का ते बघितलं, आणि परत लावला. तिचं चुकतंय असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आत्ताही वाटत नाही. तो पुन्हा पडेल. एक दिवस मला त्याला उचलता येणार नाही, आणि त्या दिवशी कागद निघतील. आम्हा दोघांनाही ते ठाऊक आहे. फक्त तो दिवस कुठला, हे आता आम्ही ठरवणार आहोत.

एक गोष्ट मात्र गेली. मला वाटायचं, माझं एक झाड आहे जे कुणाला माहीत नाही. त्यालाही तसंच वाटत असणार. आता त्या रानात गेलं की दुसरा दिसतो, नसला तरी. पहिले काही दिवस त्याचं मला फार वाईट वाटलं.

किल्ली पुन्हा कॉफीच्या डब्यात टाकली, मुद्दाम वरच. मंगळवारी मी शहरात बाजाराला जाते आणि येताना उगाच वेंडेलच्या बायकोकडे अर्धा तास बसते. घरी आल्यावर गवत कापायच्या गाडीचं इंजिन गरम आहे का, ते बघत नाही. गुरुवारी मी कोट घालते आणि म्हणते, चर्चमध्ये लेफ्से लाटायला जाते. तो खिडकीकडे बघत म्हणतो, बरं. पलंगाला आता दोरी नाही, जुन्या चादरीची पट्टी आहे. दोरी दाराजवळच्या खुंटीवर असते. तिच्या दोन्ही टोकांना गाठी मारून ठेवलेल्या असतात, मला नुसत्या अडकवायच्या, आणि दोन्ही गाठींवर दातांचे वण आहेत, मध्ये एका दाताची जागा रिकामी.